कॅमकॉर्डरचे मोठे व्हिडिओ कॉम्प्युटरवरून टॅबमध्ये: कार्ड फाइल घेत नाही, आवाज येत नाही

खडूची_रेघ

नमस्कार. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना परत परत विचारावं लागणार नाही.

बाबा भूमिती शिकवायचे. निवृत्तीच्या आधीच्या काळात त्यांच्या एका विद्यार्थ्याने वर्गात मागच्या बाजूला ट्रायपॉड लावून त्यांचे बरेच तास कॅमकॉर्डरवर रेकॉर्ड करून ठेवले. बाबा आता नाहीत. ही सगळी रेकॉर्डिंग माझ्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर आहेत. आईला ती बघायची असतात, पण कॉम्प्युटरसमोर तासभर खुर्चीत बसणं तिला जमत नाही. पडल्या पडल्या बघता यावं म्हणून तिच्यासाठी अँड्रॉइडचा टॅब घेतलाय. तिला ऐकूही कमी येतं, त्यामुळे बहिणीने एकेक तास ऐकून मराठी सबटायटल टाइप केलीत.

फाइली .एमटीएस प्रकारच्या आहेत. प्रत्येक तासाची एक फाइल, साधारण सात जीबीची. अडचणी अशा:

टॅबसोबत आलेली केबल मी दुसरीकडे वापरत होते, म्हणून घरातली एक केबल लावली. टॅब चार्ज होतो, पण कॉम्प्युटरवर दिसतच नाही. मग टॅबमध्ये घालायचं ३२ जीबीचं मेमरी कार्ड रीडरमध्ये लावून थेट त्यावर कॉपी करायला घेतलं, तर फाइल फार मोठी आहे असा संदेश येतो. कार्ड अर्ध्याहून जास्त रिकामं आहे! एक छोटी फाइल कशीबशी गेली, ती टॅबवर चालली, पण नुसतं चित्र. आवाज अजिबात नाही. शिवाय बाबांचा हात फळ्यावर जोरात फिरला की हाताच्या कडेला आडव्या रेघा रेघा दिसतात. सबटायटलचं तर विचारूच नका. काही तासांना प्रश्नचिन्हांची रांग येते, काहींना काहीच येत नाही.

मला आईसाठी हे नीट करायचंय. फळ्यावरचं अक्षर वाचता आलं पाहिजे, एवढी एकच अट आहे. बाबांचं अक्षर हेच त्यातलं बघण्यासारखं आहे.

दोनबोटी_टायपिस्ट

कार्डाचं सांगतो. ३२ जीबीपर्यंतची कार्डं सहसा फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात. फॅट३२ मध्ये एक फाइल जास्तीत जास्त ४ जीबीची ठेवता येते, खरं तर त्याला एक बाइट कमी. कार्ड पूर्ण रिकामं असलं तरी ही मर्यादा सुटत नाही. विंडोजमध्ये कार्डावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, फाइल सिस्टीमसमोर फॅट३२ दिसेल.

उपाय म्हणजे एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. त्यात अशी अडचण येत नाही. फॉरमॅट मारला की कार्डावरचं सगळं जातं, तेव्हा आधी कार्ड रिकामं करून घ्या.

वाऱ्यावरची_फाइल

केबलचा नाद सोडा आणि वायफायवरून फाइली पाठवणारं लोकलसेंड वापरा. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयपॅड सगळ्यांवर चालतं, इंटरनेट लागत नाही. दोन्ही उपकरणं घरच्या एकाच वायफायवर असली की झालं. टॅब कॉम्प्युटरला दिसत नसेल तर दोन गोष्टी बघा: टॅब चुकून राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर नाही ना, आणि विंडोजने तुमचं वायफाय पब्लिक म्हणून धरलेलं नाही ना. ते प्रायव्हेट करा.

आवाजासाठी फाइलचं नाव बदलून .एमपी४ करून बघितलं का? कधी कधी चालून जातं.

टेपघर

खडूची_रेघ, मी जुन्या टेपा आणि कॅमेऱ्याची रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उतरवून जतन करण्याचं काम करते. तुमचा प्रश्न वाचून आधी एक विनंती करते, मग बाकीचं.

त्या .एमटीएस फाइलींना हात लावू नका. कट-पेस्ट नको, नाव बदलणं नको, जागा करण्यासाठी छोट्या करणं तर मुळीच नको. आत्ताच्या आत्ता त्यांची एक पूर्ण प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर करा आणि ती डिस्क कॉम्प्युटरपासून लांब ठेवा. टॅबवर जाईल ती आईसाठी बनवलेली वेगळी प्रत. ती बिघडली, उडाली, टॅब पडला तरी पुन्हा बनवता येईल. मूळ तास पुन्हा रेकॉर्ड करता येणार नाहीत. माझ्याकडे येणाऱ्यांत असे लोक नेहमी असतात ज्यांनी मूळ फाइल छोटी करून मोठी पुसून टाकलेली असते. त्यानंतर माझ्या हातात करण्यासारखं फारसं काही उरत नाही.

आता तुमच्या फाइलीत काय आहे ते बघू, कारण आवाज आणि रेघा या दोन्ही गोष्टींचं मूळ तिथेच आहे. .एमटीएस म्हणजे एव्हीसीएचडी, सोनी आणि पॅनासोनिकने २००६ मध्ये आणलेली कॅमकॉर्डरची पद्धत. तिच्यात चित्र एच.२६४ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या एका पद्धतीत असतं. हे कुठलाही टॅब दाखवतो, म्हणून तुम्हाला चित्र दिसलं. आवाज मात्र बहुतेक कॅमेरे एसी-३ मध्ये ठेवतात, म्हणजे डॉल्बीच्या पद्धतीत, आणि ती उलगडण्याची सोय पुष्कळ टॅबच्या स्वतःच्या प्लेयरमध्ये नसते. फाइल शाबूत आहे, टॅबला तो आवाज कळत नाही एवढंच. म्हणूनच वर सुचवलंय तसं नाव बदलून उपयोग नाही. नाव बदललं तरी आतला आवाज एसी-३ च राहतो.

रेघांचं कारण वेगळं. हे कॅमेरे इंटरलेस पद्धतीने चित्र घेतात. एका चित्रातल्या एकाआड एक ओळी आधी टिपल्या जातात, उरलेल्या त्यानंतर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने. फळा हलत नाही, त्यामुळे दोन्ही अर्ध्या बरोबर जुळतात. हात हलतो, तो मधल्या क्षणात थोडा पुढे गेलेला असतो, आणि त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उठतात. जुने टीव्ही हे चित्र तसंच दाखवण्यासाठी बनलेले होते, टॅबच्या पडद्याला ते आधी एकसंध करून द्यावं लागतं. त्याला डीइंटरलेस म्हणतात.

दोन्हींचा इलाज एकाच ठिकाणी होतो: हँडब्रेक नावाचा मोफत प्रोग्राम. त्यात मूळ फाइल उघडायची, बाहेर पडणारी फाइल एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी १६० केबीपीएस, आणि फिल्टर्समध्ये डीइंटरलेस चालू. मूळ फाइल जागेवर तशीच राहते, नवीन वेगळी बनते.

क्वालिटीचा आकडा मात्र डोळ्यांनी ठरवायचा. हँडब्रेकमध्ये आरएफ नावाची पट्टी असते, आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. २० ते २२ च्या आसपास सुरुवात करा. पूर्ण तास बनवत बसू नका. बाबा फळ्यावर बारीक काहीतरी लिहितायत, एखाद्या कोनाला नाव देतायत, असा एखादा मिनिटाचा तुकडा निवडा. हँडब्रेकमध्ये सुरुवात आणि शेवटचे सेकंद देऊन तेवढाच भाग काढता येतो. तो टॅबवर टाका आणि आई जितक्या अंतरावरून बघते तितक्या अंतरावर धरून बघा. खडूची रेघ ही या कामातली अवघड गोष्ट आहे. काळ्या फळ्यावरची बारीक, धुरकट पांढरी कड व्हिडिओ दाबून लहान करताना सगळ्यात आधी जाते. तिथे चौकोनी ठिपके दिसले, किंवा बिंदूंची नावं फळ्यात मिसळल्यासारखी वाटली, तर आकडा एक-दोनने खाली आणा. चेहऱ्यावर बघून ठरवू नका. चेहरा बरा दिसतो आणि अक्षर गेलेलं असतं.

तुमच्या बाजूने एक चांगली गोष्ट आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर आहे आणि फळा जागचा हलत नाही. अशा चित्रात एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत बदल फार कमी असतो, त्यामुळे फाइल खूप लहान होऊनही अक्षर टिकतं. कॅमेऱ्याने तुमचा तास साधारण १७ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला १७ मेगाबिटने लिहिलेला असावा. तेवढ्याचे एका तासाला साडेसात जीबीच्या आसपास होतात, तुमच्या आकड्याशी जुळतंय. ३ एमबीपीएसच्या आसपास आला तर तोच तास सव्वा-दीड जीबीत बसेल. मग कार्डाची ४ जीबीची अडचण आपोआप सुटते आणि फॉरमॅटही मारावा लागत नाही.

मोजूनमापून

एवढा खटाटोप कशाला? टॅबवर व्हीएलसी हा प्लेयर टाका. त्याला एसी-३ कळतं, .एमटीएस पण चालते. फाइल बदलायची गरजच नाही. जागा वाचवायची असेल तर निदान एच.२६५ तरी वापरा, एच.२६४ तर २००३ सालचं आहे.

टेपघर

व्हीएलसीत आवाज येईल, हे बरोबर. मी स्वतः कुठलीही अनोळखी फाइल आधी व्हीएलसीतच उघडते. पण सात-सात जीबीच्या फाइली ठेवल्या तर ६४ जीबीच्या टॅबमध्ये सहा-सात तासच मावतील, बाकी जागा टॅबचीच सिस्टीम खाते. मग कुणीतरी सतत जुने काढायचे आणि नवे घालायचे. आईला स्वतःच्या मनाने कुठलाही तास लावता यावा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

एच.२६५ हे २०१३ चं, आणि तेवढ्याच क्वालिटीला फाइल बरीच लहान होते हे खरं. टॅबच्या चिपमध्ये त्याची सोय असेल तर जरूर वापरा. नसेल तर प्रोसेसरला सगळं काम करावं लागतं, टॅब तापतो, बॅटरी लवकर उतरते, चित्र अडखळतं. मिनिटाचा तुकडा दोन्ही पद्धतींनी बनवून बघितला की समजेल. इथे फळा स्थिर असल्यामुळे एच.२६४ नेच पुरेशी जागा वाचणार आहे, म्हणून मी ते सुचवलं.

ज्यांना चित्राला अजिबात धक्का लावायचा नसेल त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग आहे: एफएफएमपेग या मोफत प्रोग्रामने चित्र जसंच्या तसं ठेवून फक्त आवाज एएसी करता येतो. काही मिनिटांत होतं. पण आकार तेवढाच राहतो आणि रेघाही राहतात, म्हणून या कामाला तो उपयोगाचा नाही.

केबलबद्दल: घरातल्या पुष्कळ केबलींमध्ये फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या तारा नसतातच. टॅबसोबत आलेली केबल शोधून तीच लावा, हबमध्ये न लावता थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला. टॅबचं लॉक उघडा, वरून सूचनांची पट्टी खाली ओढा, यूएसबीच्या सूचनेवर टिचकी मारा आणि फाइल ट्रान्सफर निवडा. अँड्रॉइड आपणहून फक्त चार्जिंगवर राहतं, हे निवडल्याशिवाय कॉम्प्युटरला आतलं काही दिसत नाही. मग टॅबमधल्या मूव्हीज फोल्डरमध्ये कॉपी करा. अँड्रॉइड नावाच्या फोल्डरच्या आत काही ठेवू नका. तिथलं अॅप काढलं की त्याच्यासोबत फाइलीही जाऊ शकतात, आणि अँड्रॉइड ११ पासून तिथे टॅबवरून पोचणंही अवघड झालंय.

कॉपी चालू असताना टॅबचा पडदा बंद होऊ देऊ नका, आणि एका वेळी एकच कॉपी लावा. ही जोडणी पेनड्राइव्हसारखी नसते, कॉम्प्युटर एकेक फाइल टॅबकडे देतो आणि टॅब ती स्वतः साठवतो. मध्येच तुटली तर अर्धवट फाइल पूर्ण असल्यासारखी दिसू शकते. म्हणून झाल्यावर दोन्हीकडचा आकार बाइटमध्ये ताडून बघा आणि फाइल शेवटच्या पाच मिनिटांवर नेऊन चालवा. शेवट चालला तर निश्चिंत व्हा.

वाऱ्यावरची_फाइल

नाव बदलण्याचं मागे घेतो, समजलं. पण वायफाय इतकं वाईट नाही हो, मी सगळं तसंच पाठवतो.

टेपघर

वाईट नाहीच. राउटर जवळ असेल आणि ५ गीगाहर्ट्झवर जोडलेलं असेल तर दीड जीबीची फाइल आरामात जाते. २.४ वर, भिंतीपलीकडे, तीच फाइल कितीतरी वेळ घेईल. यूएसबी २ ची साधी केबलसुद्धा सेकंदाला तीसेक एमबी नेते, म्हणजे दीड जीबी एका मिनिटाच्या आत. पन्नास तास पाठवायचे असतील तर मी केबल लावेन. नंतर एखादाच तास पाठवायचा असेल तर तुमचा लोकलसेंड उत्तम. व्हॉट्सअॅपवरून मात्र कुणी पाठवू नका. व्हिडिओ म्हणून पाठवला की ते त्यांच्या हिशोबाने दाबतात, आणि खडूचं अक्षर तिथेच संपतं.

खडूची_रेघ

टेपघर ताई, खूप खूप आभार. मूळ फाइलींची प्रत कालच वेगळ्या डिस्कवर घेतली, बाकी सगळं त्यानंतरच केलं.

केबल तुम्ही म्हणालात तेच होतं. टॅबची मूळ केबल लावल्यावर लगेच दिसला. हँडब्रेकमध्ये २२ वर पायथागोरसच्या तासाचा तुकडा काढला. चित्र छान होतं, पण बाबा त्रिकोणाच्या शिरोबिंदूंना नावं देतात तिथे 'घ' आणि 'ध' यांत फरक कळेना. बाबा 'ध' ची गाठ अगदी बारीक काढायचे. २० वर ती गाठ स्पष्ट दिसली, आणि हातामागच्या रेघाही गेल्या. फाइल दीड जीबीच्या थोडी वर गेली, चालेल.

आता फक्त सबटायटल राहिलीत. बहिणीने नोटपॅडमध्ये टाइप केलीत, .एसआरटी नावाने. आणि एक विचारायचं होतं, हँडब्रेकमध्ये सबटायटल व्हिडिओवर कायमची छापता येतात असं दिसलं. तसं करू का?

टेपघर

छापू नका. छापलेली सबटायटल पडद्याच्या खालच्या भागावर कायमची बसतात आणि बाबांनी तिथे लिहिलेलं झाकलं जातं. वेगळी फाइल ठेवली तर आई हवं तेव्हा बंद करू शकते, आणि प्लेयरच्या सेटिंगमध्ये अक्षर मोठंही करता येतं. व्हिडिओ आणि .एसआरटी एकाच फोल्डरमध्ये, दोघांचं नाव अगदी एकच ठेवा. बहुतेक प्लेयर आपोआप उचलतात, व्हीएलसी नक्की उचलतं.

प्रश्नचिन्हांसाठी ती .एसआरटी कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये उघडून बघा. तिथे मराठी नीट दिसत असेल तर फक्त साठवण्याची पद्धत चुकलीय. सेव्ह अॅज करा, खाली एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडा, प्रकारात ऑल फाइल्स निवडा, नाहीतर शेवटी .टीएक्सटी चिकटतं आणि विंडोज ते लपवून ठेवतं. नोटपॅडमध्येसुद्धा प्रश्नचिन्हंच असतील, तर ती फाइल एएनएसआय म्हणून साठवली गेलीय. त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नाही, प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहिलं जातं आणि त्या फाइलीतून मजकूर परत मिळत नाही. अशा वेळी बहिणीकडे दुसरीकडे कुठे मूळ मजकूर आहे का ते शोधावं लागेल.

खडूची_रेघ

दोन्ही प्रकार निघाले. ज्या तासांना काहीच येत नव्हतं त्या फाइली नोटपॅडमध्ये व्यवस्थित आहेत, एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-१६ दिसलं. यूटीएफ-८ करून टाकल्यावर टॅबवर आल्या. सुरुवातीच्या काही तासांच्या फाइलींत मात्र नोटपॅडमध्येच प्रश्नचिन्हं आहेत. ती बहिणीने जुन्या कॉम्प्युटरवर केली होती. पण प्रत्येक तास झाला की ती मजकूर मला तपासायला मेलमध्ये पाठवायची, ते सगळे मेल आहेत! वेळांसकट. ते नव्या फाइलीत चिकटवून घेतेय.

दोनबोटी_टायपिस्ट

वेळांच्या ओळी चिकटवताना एक बघा. दोन वेळांच्या मधला बाण म्हणजे दोन साधे डॅश आणि पुढे मोठ्याचं चिन्ह. मेल किंवा वर्ड कधी कधी दोन डॅश जोडून एक लांब रेघ करतं. तसं झालं तर प्लेयरला ती ओळ कळत नाही आणि सबटायटल येत नाही. नोटपॅडमध्ये फाइंड-रिप्लेसने एकदम सगळे बदलता येतात.

खडूची_रेघ

अगदी तसंच झालं होतं, बदलले. आता आले.

आईने काल पायथागोरसचा तास पूर्ण बघितला. मधे थांबवून मला दाखवत होती, की हे बघ, इथे त्यांनी आधी चुकीची बाजू काढली आणि मुलांना ओळखायला लावलं. सबटायटल तिने स्वतःच मोठी करून घेतली.

बाकीचे तास आता एकामागून एक लावायचेत. हँडब्रेकमध्ये प्रत्येक वेळी सगळं परत निवडावं लागतं का?

टेपघर

नाही. आत्ताची सेटिंग नवीन प्रीसेट म्हणून साठवा. मग मूळ फाइलींचं अख्खं फोल्डर उघडा, प्रीसेट निवडा आणि सगळे तास क्यूमध्ये घाला. रात्री लावून ठेवा, पॉवरच्या सेटिंगमध्ये कॉम्प्युटरचं स्लीप बंद करा. बाहेर पडणाऱ्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये जातायत ना, हे सुरू करण्याआधी बघून घ्या. आणि एखाद्या तासात प्रकाश कमी असेल, संध्याकाळचा वर्ग असेल, तर तेवढा तास क्यूबाहेर ठेवून वेगळा तपासा. अंधुक चित्रात कॅमेऱ्याचे दाणे येतात, त्यांच्यात खडूची रेघ हरवते, आणि तिथे २० सुद्धा कमी पडू शकतं.